नवरा मायनर लीगमध्ये पिचर : नोकरी सोडून सोबत जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अठ्ठावीस वर्षांची, मूळची नाशिकची, आता न्यू जर्सीत एडिसनला राहते. एच-वन-बी व्हिसावर चांगली नोकरी आहे. होणारा नवरा अमेरिकन, बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. सध्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या मोठ्या संघांच्या हाताखालच्या संघांत, डबल-ए पातळीवर पेनसिल्व्हेनियातल्या एका संघात खेळतो. या शिडीच्या पायऱ्या खालून वर लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, आणि सगळ्यात वर मेजर लीग. आई म्हणते, पुढच्या मे महिन्यात बार उडवून टाकू. मैत्रिणी म्हणतात, लग्नाचं पहिलं वर्ष लांब राहून काढू नकोस, नोकऱ्या काय परत मिळतात. तो म्हणतो, तू ठरवशील ते. मग नोकरी सोडून त्याच्याबरोबर फिरावं का?

मी वयाने बरीच मोठी आहे, म्हणून सरळ 'तू' म्हणते. नऊ सीझन मी खेळाडूची बायको होते आणि आता सहा सीझन झाले, कोचची बायको आहे. माहेर सांगली, घर ओहायोत, काम लोकांचे टॅक्स भरून देण्याचं. गेली काही वर्षं माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे मायनर लीगचे खेळाडू आणि त्यांच्या बायका असतात. तेव्हा जे सांगते ते माझ्या संसारातून आणि त्यांच्या कागदपत्रांतून आलेलं आहे.

आधी 'बरोबर फिरणं' म्हणजे काय ते नीट बघू, कारण इथेच सगळ्यांची समजूत चुकते. संघ बसने फिरतो आणि त्या बसमध्ये बायकोला जागा नसते. हॉटेलची खोलीही दोन खेळाडूंत एक असते. तू संघाबरोबर जात नाहीस, तू त्या गावात जाऊन राहतेस. आता कागद-पेन्सिल घे. डबल-एचा सीझन एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, १३८ सामन्यांचा. त्यातले निम्मे, म्हणजे ६९, घरच्या मैदानावर. २०२१ पासून एका संघाशी मंगळवार ते रविवार सलग सहा सामने आणि सोमवारी सुट्टी, अशी रचना आहे. ६९ला सहाने भाग, साडेअकरा आठवडे येतात. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी एवढे आठवडे तो सीझनमध्ये त्या गावात असणार. उरलेले तितकेच आठवडे त्या गावात तू एकटी, जिथे तुझं ना ऑफिस, ना मैत्रीण, ना नातलग.

आणि घरी असतो तेव्हा तरी किती असतो? सामना साडेसहा-सातचा असला तर तो दुपारी एक-दीडला घर सोडतो. रात्री अकराला परत येतो, साडेअकराला जेवतो, अंगातला सामना उतरायला दीड वाजतो. सकाळी दहाला उठतो. तुम्हा दोघांचा खरा वेळ म्हणजे सकाळी दहा ते एक, आणि रात्रीचं ते उशिराचं जेवण. म्हणून सांगते, सोबत जायचं की नाही हा प्रश्न नंतरचा. त्या साडेअकरा आठवड्यांतल्या सकाळी तुला मिळतील अशी तुझी नोकरी वळवता येईल का, हा पहिला प्रश्न.

मी हे उलटं करून बसले होते. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी नोकरी सोडली आणि त्याच्या गावाला राहायला गेले. तिथे सहा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतला, तेव्हा घराची जबाबदारी खेळाडूचीच असायची. पहिले दोन महिने चांगले गेले. जूनमध्ये एका रात्री सव्वाअकराला तो मैदानावरून फोनवर म्हणाला, ''मला वर बोलावलंय, पहाटे पाचचं विमान आहे.'' हा फोन यावा म्हणून तो आठ वर्षांचा असल्यापासून चेंडू फेकत होता. आम्ही दोघंही रडलो. पहाटे तो गेला आणि मी ओट्यापाशी उभी राहिले. फ्रिजमध्ये आठवड्याची भाजी, ओट्यावर रात्री विरजायला लावलेलं दही, कपाटात दोघांचे कपडे, आणि खाली उभी गाडी. संघ खेळाडूला विमानाने नेतो. घर आवरून गाडी चालवत मागून जायचं काम बायकोचं. मी दोन दिवस आवरत होते. त्या दह्यातलं चमचाभर विरजण स्टीलच्या छोट्या डबीत घातलं आणि बर्फाच्या पेटीत ठेवून सहाशे मैल नेलं. का, ते मला सांगता येत नाही, पण ते टाकून जाणं मला जमलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या दारात पोचले तेव्हा त्याला परत खाली पाठवल्याचं नुकतंच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच रस्त्याने परत निघालो. ज्या फ्लॅटच्या किल्ल्या मी देऊन आले होते तिथे आता दुसरं कोणी राहणार होतं, आणि अनामत रक्कम शेवटपर्यंत मिळाली नाही.

त्या रात्री मला कळलं की माझ्याकडे परत जायला जागाच नाही. त्याला निदान संघ होता, लॉकर होतं. माझी नोकरी, पत्ता, विमा, ओळखी, सगळं त्याच्या एका फोनवर टांगलेलं होतं. त्यानंतर आम्ही एक गोष्ट पक्की केली, ती आजवर पाळली आहे : एक पत्ता न हलणारा, आणि तो माझ्या कामाला धरून. आम्ही कोलंबसजवळ छोटं घर भाड्याने घेतलं. मी टॅक्सच्या कामाला लागले. जानेवारी ते १५ एप्रिल मी जागची हलत नसे. तो फेब्रुवारीच्या मध्यावर स्प्रिंग ट्रेनिंगला, म्हणजे सीझनआधीच्या सरावाला, जाई. अर्धे संघ ॲरिझोनात, अर्धे फ्लोरिडात असतात. मी एप्रिलअखेरीस सामान घेऊन जात असे, तेही फक्त घरच्या मैदानावरच्या आठवड्यांना. गणपतीला मात्र मी माझ्या घरी असे. दीड दिवसाचा गणपती कधी चुकवला नाही. तो बहुतेक वर्षी फोनवरूनच आरती म्हणायचा, पण बाप्पा ठेवायची जागा ठरलेली होती.

आता तुझी परिस्थिती. मला तुझा हेवा वाटावा इतकी ती चांगली आहे. डबल-एची ईस्टर्न लीग बारा संघांची आहे आणि तिचा नकाशा तुझ्याच भोवती पसरलेला आहे. पेनसिल्व्हेनियात रेडिंग, हॅरिसबर्ग, अल्टूना, ईरी, न्यूयॉर्कमध्ये बिंगहॅम्टन, कनेटिकटमध्ये हार्टफर्ड. आणि न्यूयॉर्क यँकीजचा डबल-ए संघ, सॉमरसेट पेट्रियट्स, खेळतो कुठे? ब्रिजवॉटरला. तिथल्या बालाजी मंदिरात तू शंभरदा गेली असशील. त्याचा संघ तिथे खेळायला आला की तो आठवडाभर तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर असेल. संघ रेडिंगचा किंवा हॅरिसबर्गचा असला तर शुक्रवारी काम संपवून गाडीने जाणं सहज जमेल. ईरी किंवा अल्टूनाचा असला तर नाही, ईरीला गाडीने सहा तासांहून जास्त लागतात. कोणता संघ ते तू लिहिलेलं नाहीस, पण निम्मं उत्तर त्यावरच आहे.

पण हा नकाशा कायमचा नाही, हेही लक्षात ठेव. डेट्रॉइट टायगर्सचं उदाहरण घे. त्यांचा लो-ए संघ फ्लोरिडात लेकलँडला, हाय-ए मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सजवळ, डबल-ए ईरीला, ट्रिपल-ए ओहायोत टोलीडोला. पहिल्या पायरीवरून दुसरीवर चढायला हजार मैलांहून जास्त, तिसरीवरून चौथीवर दोनशेच्या आसपास. मायामी मार्लिन्सचा खेळाडू फ्लोरिडातून विस्कॉन्सिनला जातो आणि वर चढायला परत फ्लोरिडात येतो. त्याचा संघ ज्या मेजर लीग संघाच्या हाताखाली आहे, त्याची ही शिडी कागदावर काढून भिंतीला लाव. ट्रेड झाला, म्हणजे त्याला दुसऱ्या मेजर लीग संघाकडे देऊन टाकलं, तर शिडीच बदलते. ट्रेडची मुदत बहुधा जुलैअखेरीस असते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये लांबचा भाडेकरार करू नकोस.

घराचा प्रश्न आता आमच्या काळाइतका बिकट नाही. २०२२ च्या सीझनपासून राहण्याची सोय संघ करतात. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. त्यात २०२४ पासून डबल-ए आणि ट्रिपल-एच्या खेळाडूला स्वतःची खोली आणि कुटुंब असलेल्यांसाठी वेगळी सोय असं कलम आलं. पण फ्लॅट बहुधा दुसऱ्या खेळाडूबरोबर असतो. लग्न झालं की लगेच संघाला लेखी कळवा. सीझन सुरू होण्याआधी कळवलं तर सोय होते, मध्येच सांगितलं तर तुम्हा दोघांना आणि त्या बिचाऱ्या दुसऱ्या मुलाला एकाच स्वयंपाकघरात दिवस काढावे लागतात.

पैशाचं स्पष्ट बोलते. त्याच करारात डबल-एचा किमान पगार वर्षाला ३०,२५० डॉलर ठरला. त्याआधी तो १३,८०० होता. आमच्या वेळी महिन्याला १७०० च्या आसपास मिळायचे, तेही फक्त सीझनचे पाच महिने. म्हणजे सुधारणा मोठी आहे, पण त्यावर न्यू जर्सीत संसार होत नाही. वर, मेजर लीगमध्ये, २०२५ चा किमान पगार ७,६०,००० डॉलर होता. दिवसाच्या हिशोबाने चार हजारांच्या आसपास. पंधरा दिवस वर राहिला तर डबल-एच्या वर्षभराच्या दुप्पट होतात. म्हणूनच लोक या आशेवर वर्षानुवर्षं काढतात, आणि त्यात गैर काही नाही. आशा त्याची असू दे, महिन्याचा खर्च मात्र तुझ्या पगारावर बेतलेला असू दे. त्याला करार करताना मोठा बोनस मिळाला असेल तर चित्र वेगळं, ते त्याला मोकळेपणाने विचार. लग्नाआधी विचारायला लाजू नकोस.

विम्याचंही तेच. त्याचा विमा त्याच्या कराराला बांधलेला आहे. मार्चअखेरीस स्प्रिंग ट्रेनिंग संपताना सकाळी एकेकाला ऑफिसात बोलावून सोडून देतात. ती सकाळ मी चार वेळा पाहिली आहे, त्यातल्या एका खेपेला आमचं नाव होतं. नोकरीवरचा तुझा विमा असेल तर निदान तो घास घशाखाली उतरतो.

आता तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे इथल्या अमेरिकन बायका तुला सांगणार नाहीत, त्यांना ते माहीतच नसतं. तुझा एच-वन-बी तुझ्या कंपनीला आणि कामाच्या जागेला बांधलेला आहे. लॅपटॉप घेऊन पेनसिल्व्हेनियात चार महिने बसून काम केलं, असं चालत नाही. कामाची जागा तुमच्या भागाबाहेर गेली तर कंपनीला आधी दुरुस्तीचा अर्ज करावा लागू शकतो. थोड्या दिवसांची सवलत असते, पण तिचे नियम आहेत. म्हणून मॅनेजरला विचारण्याआधी कंपनीच्या वकिलाला विचार. आणि ग्रीन कार्डाच्या अर्जातून कामाची परवानगी हातात येण्याआधी नोकरी सोडायचा विचारही करू नकोस.

लग्नानंतर ग्रीन कार्ड मिळालं आणि तेव्हा लग्नाला दोन वर्षं झालेली नसली, तर ते दोन वर्षांचं, अटीचं मिळतं. ती अट काढायला दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो आणि तुमचा संसार खरा असल्याचे पुरावे द्यायचे असतात. वर्षात चार गावं बदलणाऱ्या जोडप्याचे पुरावे विखुरलेले असतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेव : दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र बँक खातं, विम्यावर एकमेकांची नावं, त्याच्या सीझनचं वेळापत्रक, तू गेल्या-आल्याची तिकिटं. राहता पत्ता बदलला की दहा दिवसांत सरकारला कळवायचं असतं. न हलणारा पत्ता इथेही कामाला येतो, बघ. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. पाच वर्षांचं लग्न, दोन मुलं, आणि दोघांच्या नावावर एकही करार नाही, कारण दरवेळी घाईत त्याच्या एकट्याची सही व्हायची. कागद जमवायला आम्हाला आठ महिने लागले.

हिवाळ्यात तो डॉमिनिकन रिपब्लिक किंवा मेक्सिकोत खेळायला गेला आणि तुझा अर्ज चालू असला, तर देशाबाहेर पाऊल टाकण्याआधी वकिलाला विचार. प्वेर्तो रिकोला गेला तर तो अमेरिकेचाच भाग आहे. टॅक्सचं इतकंच सांगते : तो ज्या ज्या राज्यांत खेळतो, ती बहुतेक राज्यं त्याच्या पगाराचा आपापला हिस्सा मागतात. कोणत्या दिवशी कोणत्या राज्यात होता याची डायरी ठेवा. एप्रिलमध्ये दोघांचंही डोकं शांत राहील.

एवढ्यावरून माझं मत तुझ्या लक्षात आलं असेल. नोकरी ठेव, एडिसन हाच पत्ता ठेव, आणि घरच्या मैदानावरच्या आठवड्यांपैकी जमतील तितके आठवडे जा. सुट्ट्या दिवाळीला न वापरता जून-जुलैत वापर. पण हे मत आजच्या परिस्थितीला धरून आहे. बाळ झालं तर बदलेल. तो वर जाऊन टिकला तर बदलेल, कारण मग एक शहर ठरतं. आणि त्याला जपान किंवा कोरियाचा करार मिळाला, तर मी उलट सांगेन : सगळं आवरून पूर्ण सीझन त्याच्याबरोबर जा. तिथे गाव आधीच कळतं, करार वर्षभराचा असतो, दुभाषा मिळतो, अंतरं कमी असतात. लांब असूनही ते जास्त स्थिर आहे. आमच्या नऊ वर्षांत सलग एका घरात राहिलो ते फक्त तिथल्या एका सीझनला.

जाशील तेव्हा काय ने, हेही सांगते. एकच प्लॅस्टिकचा खोका ठरव, जो गाडीच्या डिकीत आडवा बसेल. माझ्या खोक्यात तीन लिटरचा कुकर, मिसळणाचा डबा, पोळपाट-लाटणं, एक चांगली सुरी, दोन ताटं-वाट्या, तांदूळ आणि मूगडाळ असायची. खोक्यात मावत नाही ते त्या गावात विकत घ्यायचं नाही. रात्री साडेअकराला गरम मुगाची खिचडी आणि वर तूप, हे मी शेकडो वेळा वाढलं आहे. तो इंडियानाचा, पण अजून वाईट सामन्यानंतर तेच मागतो.

वाईट सामना झाला की गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य खेळाबद्दल नको. तो बोलला तर ऐक, आणि चेंडू कुठे पडायला हवा होता हे सांगू नकोस. मैदानावर बायकांच्या रांगेत बसशील तेव्हा एक जपायचं. शेजारी बसलेल्या मुलीचा नवरा आणि तुझा नवरा बहुधा वरच्या त्याच एका जागेसाठी झगडत असतात. तुझ्याकडे ज्या दिवशी आनंदाचा फोन येतो, त्या दिवशी तिच्या घरी तो आलेला नसतो, किंवा दुसराच आलेला असतो. नवऱ्याला वर बोलावल्याची बातमी मला कळली त्या पहाटे दोन वाजता माझ्या दारात जी मुलगी खोकी घेऊन आवरायला मदत करायला उभी राहिली, तिच्या नवऱ्याला डावलून माझा नवरा गेला होता. या सगळ्या प्रवासातली ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे.

नाशिकच्या घरी समजवायचं असेल तर रणजीचं उदाहरण दे. रणजी खेळणारा मुलगा भारतीय संघात नाही म्हणून त्याला कोणी रिकामटेकडा म्हणत नाही. बाबांना क्रिकेटपलीकडे काही पटत नसेल तर सांग, २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करार देऊन याच शिडीच्या खालच्या पायरीवर उभं केलं होतं. २०२३ मध्ये टोरांटोच्या मेजर लीग संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्याच फेरीत अर्जुन निम्मला हा तेलुगू घरातला मुलगा निवडला. तोही एकेक गाव करत वर चढतो आहे.

राहिला मे महिना. मे मध्ये लग्न होऊच शकत नाही, हे आईला आजच सांग. खेळाडूला बाळाच्या जन्मासाठी काही दिवसांची रजा मिळते, स्वतःच्या लग्नासाठी सीझनमध्ये कोणी सोडत नाही. पण आपलं पंचांग इथे तुझ्या बाजूने आहे. त्याचा सीझन संपतो सप्टेंबरच्या मध्यावर. मग पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, नोव्हेंबर-डिसेंबरात, पौषाच्या आधी. आमचंही मार्गशीर्षातच झालं, सांगलीला. त्याला एवढंच आज विचार, की यंदा हिवाळ्यात खेळायला कुठे जाणार आहेस का. तो नाही म्हणाला की लगेच हॉल बघायला लागा, नाशिकला डिसेंबरचे हॉल जूनपासूनच जायला लागतात.